तेलकागदाला चिकटलेला वायसर

३ नोव्हेंबर, सोमवार

लागलं एकदाचं इंजिन. पहिल्याच चावीला! चिरंजीव म्हणत होते दोन दिवस खटपट होईल. कसली खटपट. हेड मी बांधलंय.

गाडी सुनेची. लहानशी, तीन सिलिंडरची, इंजिन बघावं तर शिवणयंत्राएवढं. पण टर्बो आहे. म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात हवा कोंबतो. सूनबाईंनी तो काढून मोठा घातला, लॅपटॉप जोडून पेट्रोलचं नि ठिणगीचं सगळं गणित बदललं. ते तिचं खातं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं डोकं, जिथे व्हॉल्व्ह असतात, ते माझं. व्हॉल्व्ह टेकतात त्या सीटा कापल्या, व्हॉल्व्ह घासले. चौतीस वर्षं तेच करतेय. हे गेले तेव्हा लोक म्हणाले वर्कशॉप विका. तेराव्या दिवसाचीही वाट न बघता मी लेथ पुसून कामाला लागले.

हल्ली कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, टोकाला एक डबा असतो. आमच्या वेळी व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडायचे, ठरल्या वेळी मिटायचे, विषय संपला. आता त्या डब्यात तेलाचा दाब जातो आणि चालत्या इंजिनात कॅमला मागे-पुढे सरकवतो. हळू चालताना एक वेळ, पळताना दुसरी. सुनेच्या गाडीतला डबा खडखडत होता म्हणून तिने नवा मागवला. बसवला मी. पेटी उघडली तर पेटीत पेटी, पिशवीत पिशवी, वर तेलकागद. तान्ह्या पोराला एवढं गुंडाळत नाहीत. आणि चौघडी केलेला मोठा कागद, कसा बसवायचा त्याचा.

सून म्हणाली, आई, कागद एकदा बघून घेता का? म्हटलं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून बोल्ट आवळतेय. गिऱ्हाईक उभं होतं, ते हसलं.

रविवारी शर्यत आहे, डोंगराच्या रस्त्यावर घड्याळ लावून एकेक गाडी वर सोडणार आहेत. सून चालवणार. वर्षभर तिच्या डोक्यात दुसरं काही नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार



सकाळी वकील आले. त्यांचीही गाडी अशीच, त्यांनाही मोठा टर्बो हवाय. हा माणूस बोलायला लागला की समोरच्याने आधी खुर्ची शोधावी. सून त्यांना लॅपटॉपवर चित्र दाखवत होती, इंजिनाचा एकेक भाग सुटा करून हवेत ठेवलेला. मी पाठमोरी सीट कापत होते. कान तिकडेच.

सून म्हणाली, "हा बघा, कॅम आणि डब्याच्या मधला वायसर. कागदासारखा पातळ, दोन्ही अंगांना हिऱ्याची भुकटी. ह्याच्या पकडीवर डबा जागेवर राहतो. हा नसेल तर बोल्ट कितीही आवळा, इंजिनावर जोर आला की डबा घसरणार."

वकिलांनी विचारलं, घसरला तर काय होतं?

"व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. इंजिन जागच्या जागी बंद."

म्हणजे तडजोडीला वाव नाही, वकील म्हणाले. दोघंही हसले.

माझं कटर थांबलं. पातळ. खरखरीत. तेलकागदाला चिकटलेलं काहीतरी होतं! बोटाला पॉलिश पेपरसारखं लागलं. मला वाटलं पॅकिंग. कागदासकट चुरगळलं आणि टाकलं.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर कचऱ्याचं पिंप उपसलं. कोपरापर्यंत हात घातला. चिंध्या, फाटकी गॅस्केटं, बिडीची थोटकं — म्हणजे चिरंजीव परत ओढायला लागलेत. अगदी तळाला तेलकागद. उलगडला.

होता.

धुतला, पुसला, ह्या वहीत ठेवला. संध्याकाळी सुनेने गाडी रोलरवर घेतली. चाकं जागच्या जागी फिरतात, मशीन ताकद मोजतं. आधीच्या दीडपट निघाली! ती नाचायचीच बाकी होती. मला म्हणाली, आई, तुमचं हेड श्वास काय घेतंय!

मी म्हटलं, हूं.

५ नोव्हेंबर, बुधवार

सांगायचं ठरवूनच उठले. चहा झाला, नाही सांगितलं. शटर उघडलं, नाही सांगितलं.

दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली — गेल्या वर्षी माझ्याकडून एक सील उलटं बसलं होतं. तेल गळलं, बाकी काही नाही. पण तेव्हा चिरंजीव म्हणाले, आई, आता तू देखरेख कर. देखरेख! म्हणजे दाराशी खुर्ची टाकून कोण आलं कोण गेलं बघायचं. त्यानंतर मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आता हे कळलं तर खुर्ची तयारच आहे.

दुसरी गोष्ट तोंडाने कुणाला सांगणार नाही, इथे लिहिते. तो कागद मी वाचला नाही ते घमेंडीने नाही. मला वाचता येत नव्हता. चार भाषा होत्या, एकही माझी नाही. सातवीत शाळा सुटली. चित्रं होती, ती तरी बघायची. पण चित्रं बघत उभी राहिले असते तर सुनेला कळलं असतं की बाईला परकी अक्षरं लागत नाहीत.

दुपारी ती गाडी घेऊन बाहेर चक्कर मारून आली. एकदा इंजिनाचा पिवळा दिवा लागला म्हणे, आपोआप गेला. लॅपटॉप लावला. कॅमची वेळ जरा मागे दाखवतंय, ती म्हणाली, ती मोजणारा सेन्सर बिघडला असेल. चिरंजीव म्हणाले, सेन्सरच.

सेन्सर बदलला. पाना मी हातात दिला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काही नाही. वहीचं पान उलटताना खरखरतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडी शर्यतीच्या तपासणीला दिली. डोंगराच्या पायथ्याशी मोठं कुंपण केलंय, सगळ्या गाड्या तिथेच ठेवतात. तपासनीस आला, वाकून बघितलं, बोनेटला तार ओवून शिशाचा शिक्का मारला. शिक्का तोडला की गाडी शर्यतीतून बाद. वर्षभराची मेहनत बाद.

रांगेत आमच्या पुढे चार गाड्या होत्या. मनाशी म्हटलं, तीन राहिल्या की बोलते. तीन राहिल्या. म्हटलं, दोन राहिल्या की.

तपासनीस विचारतो, हेड कोणी केलं? सुनेने माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि चक्क हात पुढे केला. मी हात मिळवला! तिथे मला जमिनीने गिळायला हवं होतं.

परत येताना चिरंजीव म्हणाले, तुझं तोंड का उतरलंय? म्हटलं, पित्त.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज सून मला पायी रस्ता दाखवायला घेऊन गेली. गुडघे माझे, हौस तिची. सतरा वळणं. प्रत्येक वळणाला थांबून सांगत होती: इथे ब्रेक, इथे तिसरा गिअर, इथे गाडी स्वतःहून वळते, तिला वळू द्यायचं. डोळे चमकत होते. लग्नात एवढे चमकले नव्हते, मी होते तिथे.

नवव्या वळणाशी रस्ता अरुंद होतो. एका अंगाला कापलेला कडा, दुसऱ्या अंगाला गुडघ्याएवढा कठडा. त्यापलीकडे काही नाही. खाली झाडांचे शेंडे.

म्हणाली, "इथे मात्र पाय उचलायचा नाही. पूर्ण दाबून. इथेच वेळ वाचतो."

पूर्ण दाबून. म्हणजे टर्बो भरलेला, सगळा जोर कॅमवर. घसरायचा तर डबा इथेच घसरणार. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग दगड होतं. ब्रेक एक-दोनदा लागतो, मग तोही लाकूड. हे मला चौतीस वर्षं माहीत आहे, बंद पडलेल्या गाड्या ओढूनच आणत आलोय. पण त्या सपाट रस्त्यावरच्या.

मी कठड्याला हात लावून बघितला. खडी निघाली हातात.

म्हटलं, उद्या नाही गेलीस तर चालणार नाही का? ती हसली. आई, तुम्ही आणि भीती? तुम्हाला तर इन्कम टॅक्सवाला घाबरतो. मग जरा थांबून म्हणाली, तुम्ही बांधलेल्या इंजिनात बसतेय, मला कसली भीती.

परत उतरताना सतरा वळणं मोजली. प्रत्येक वळणाला तोंड उघडलं. धाप लागल्यासारखं केलं.

जेवले नाही. चिरंजीव म्हणाले, परत पित्त. आता मलाच पित्त झाल्यासारखं वाटायला लागलंय.

९ नोव्हेंबर, रविवार

घडलं तसं लिहिते.

सकाळी आठला पोचलो. आमचा नंबर चौदावा. पहिल्या गाड्या गेल्या. प्रत्येक गाडीचा आवाज वर चढत जातो, वळणावर तुटतो, परत येतो. नवव्या वळणाला कडा आवाज गिळतो. तेवढा वेळ काहीच ऐकू येत नाही. पाचव्या गाडीला मी श्वास धरला. सहाव्यालाही. ह्यांत आपलं कोणीही नाही!

बारावी सुटली. सून हेल्मेट घालून पट्टे आवळून बसली होती. मी दोरी ओलांडली. कोणीतरी ओरडलं, बाई, मागे व्हा. मी कुठली होतेय. खिडकीशी गेले आणि वायसर तिच्या हातमोज्यावर ठेवला.

"हा तुझ्या इंजिनातला. आत जायचा तो बाहेर राहिला. पॅकिंग समजून मी टाकला."

तिने वायसर उन्हात धरून कडेने बघितला. तिला सांगावं लागलं नाही काय आहे ते.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"मंगळवारपासून."

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चावी फिरवली, इंजिन बंद केलं, पट्टे एकेक करून सोडले. लाउडस्पीकरवर चौदा नंबर दोनदा पुकारला. तिसऱ्यांदा म्हणाले, चौदा नंबर येत नाही, पंधरा पुढे या. आम्ही दोघींनी गाडी ढकलत बाजूला घेतली. ती एका दाराशी, मी दुसऱ्या. मधे गाडी होती म्हणून बरं, तिचं तोंड बघावं लागलं नाही.

चिरंजीव पळत आले, काय झालं, काय झालं. सून म्हणाली, दिवा परत लागला. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

वर्कशॉपात ओढून आणलेल्या गाडीचा शिक्का तोडला. बोनेट उघडलं. वरचं झाकण काढलं.

बांधताना मी डब्यावर आणि कॅमवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली होती, समोरासमोर. आज दोन्हींत नखाच्या टोकाएवढं अंतर. डबा सोडवला तर आतलं तोंड आरशासारखं गुळगुळीत. घसरत होता. रोलरवरच सुरू झालं असणार. चिरंजीव म्हणाले, अजून एक जोराचा दाब आणि खेळ खल्लास. मग त्यांना कळलं आपण काय बोललो. खाली बसले.

मी सगळं सांगितलं. कागदाचंसुद्धा. त्यावरच्या भाषा वाचता येत नाहीत ते. इथे लिहिलं होतं तोंडाने सांगणार नाही म्हणून — सांगितलं. चिरंजीवांनी शेवटी तोच शब्द काढला. आई, मला वाटतं तू आता देखरेख—

सून मधेच म्हणाली, "देखरेख मी करते. हात त्यांचेच राहू देत."

मग तिने तो कागद कुठून तरी फोनवर काढला. माझ्याशेजारी स्टूल ओढलं आणि एकेक ओळ मला कळेल असं सांगत गेली. कान धरून ऐकल्यासारखी ऐकली. तिसऱ्या चित्रात वायसर होता. ढळढळीत! शेजारी हाताचा पंजा काढून फुली मारलेली, म्हणजे ह्याच्याशिवाय बसवू नका. हे कळायला कुठली शाळा लागत होती?

वायसर मीच बसवला. तिने टॉर्क पान्यावर किती आवळायचं तो आकडा वाचला, मी आवळलं. माझ्याशी ती अजून कामापुरतंच बोलतेय. बोलू दे. जिवंत आहे, कामापुरतं का होईना बोलतेय.

सहा दिवसांनी पोटभर जेवले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी साडेसातला सून कामाची वही घेऊन स्वयंपाकघरात आली. आई, असे डबे ह्या वर्षी आपण आणखी किती गाड्यांना बसवले? तीन. तिन्ही मी बसवले. तिन्ही पेट्यांतला तेलकागद मी टाकला.

फोन मीच लावले. दोघांनी उचलला. सांगितलं, गाडी जागची हलवू नका, चूक माझी आहे. तिसरी गाडी शाळेच्या बाईंची. डोंगरापलीकडे राहतात, ह्याच वेळेला निघतात, मागे दोन पोरं बसवून.

रिंग जातेय. उचलत नाहीत.