सहा बोटी, एकशे दहा जाकिटे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, अविवाहित, फेरीबोट कंपनीच्या अंतर्गत तपासणी विभागाची निवृत्त प्रमुख, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, जेवणाच्या टेबलाशी बसून, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. दाखल्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले; मी दोनवर येऊन थांबले तेव्हा तेच घड्याळाकडे बघत होते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आणायचा प्रयत्न झाला, तो कलम सातमध्ये नोंदवला आहे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात सगळे होते, फक्त आताचे पाचवे कलम लिहायचे मी टाळले होते.

कलम १. मी राहते ते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, माझ्या धाकट्या बहिणीने हयात असेपर्यंत वापरावे. तिच्यानंतर ते तिच्या मुलीचे, म्हणजे माझ्या भाचीचे. मोरीतला नळ गळतो, हे मी बहिणीला चार वर्षे सांगते आहे आणि ती चार वर्षे “बघू गं” म्हणते आहे. नळ दुरुस्त झाल्यावरच घर तिच्या नावे करावे, असे लिहायचे मनात आले होते. वकीलबाई हसल्या म्हणून सोडून दिले.

कलम २. बँकेतली ठेव आणि हातातल्या दोन बांगड्या भाचीला द्याव्यात. आकडा पासबुकात आहे. इथे लिहून कोणाचे डोळे विस्फारायचे नाहीत.

कलम ३. माझा मोठा टॉर्च, रबरी बूट, हातात धरायचा वजनकाटा आणि शिवणाचा डबा कंपनीत सध्या तपासनीस असलेल्या बाईंना द्यावा. त्या माझ्या हाताखाली शिकल्या. पहिल्या दिवशी त्या कोऱ्या पांढऱ्या चपला घालून आल्या होत्या आणि इंजिनाच्या खोलीत उतरायचे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला होता. महिन्याभरात त्यांनी मला मागे टाकले. कागद सगळेच वाचतात. बाईंना दोर हातात घेऊन तो आतून कुजला आहे का ते कळते, आणि कळत नाही तेव्हा त्या खलाशांना विचारतात, कमीपणा मानत नाहीत. तपासणाऱ्याला कामातले ओ की ठो कळत नसेल तर खालची माणसे त्याला आदराने चहा पाजून परत पाठवतात. मला बरीच वर्षे फार आदराने चहा मिळाला.

कलम ४. कंपनीचे माजी वाहतूक मॅनेजर अजून हयात आहेत व रोज सकाळी धक्क्यावर फिरायला येतात. त्यांना माझ्या तपासणीच्या दौऱ्यांची चौदा वर्षांची छापील वेळापत्रके द्यावीत. ती कपाटाच्या खालच्या फळीवर आहेत. त्यांना ती माझ्याआधी पाठ असायची. शिवाय, त्या काळात माझी रजा, माझी पगारवाढ आणि माझ्या खोलीचा पंखा, तिन्ही गोष्टी याच गृहस्थांच्या सहीने व्हायच्या. ज्याचे काम तपासायचे त्याच्याकडेच रजा मागायची! पंखा तीन उन्हाळे बंद होता. मी ते विसरलेले नाही व विसरण्याचा विचारही नाही.

कलम ५. हे कलम कोणालाही काही देत नाही. ते नीट वाचावे.

कंपनी माझ्या वडिलांनी काढली. त्यांच्यानंतर थोरला भाऊ मालक झाला आणि मी तपासणीला बसले. आमच्या सहा बोटी नदीच्या मुखाशी दोन्ही काठांमध्ये माणसे ने-आण करत. प्रत्येक बोटीवर साठ लाइफ जॅकेटे हवीत, असा नियम. बोटीवर सगळे त्यांना जाकिटेच म्हणतात, मीही तसेच लिहिते. मी वर्षातून एकदा, आठ दिवस आधी कळवून, रोज एक बोट याप्रमाणे सहा दिवस मोजणी करायची. चौदा वर्षे दर बोटीवर साठ भरली. भाऊ चारचौघांत सांगायचा, “आमच्या बहिणीच्या डोळ्यांतून काही सुटत नाही.” खलाशी मला भिंगबाई म्हणत. मला ते आवडायचे.

चौदाव्या वर्षी सोमवारी पहिल्या बोटीवर एका जाकिटाचा पट्टा उसवलेला दिसला. माझ्या पर्समध्ये सुई-दोरा असायचाच. पांढरा दोरा संपला होता म्हणून हिरव्याने चार टाके घातले. गुरुवारी चौथ्या बोटीवर मोजत असताना तेच हिरवे टाके माझ्या हातात आले.

मी मोजणी थांबवली नाही. साठ झाली, सही केली, खाली उतरले. दुसऱ्या दिवशी न सांगता, एकामागून एक सहाही बोटींवर चढले. सगळी मिळून एकशे दहा जाकिटे होती. हवी होती तीनशे साठ. उरलेली कधी आणलीच नव्हती. मी येणार त्याच्या आदल्या रात्री हातगाडीवरून जाकिटे पुढच्या बोटीवर जायची आणि मी तीच ती पुन्हा मोजायची. मला फसवायला कोणाला फार डोके चालवावे लागले नव्हते. मीच वेळापत्रक छापून देत होते.

मी अहवालाचा मसुदा पेन्सिलीने लिहिला. सातवा मुद्दा असा होता: “सहा बोटींवर मिळून एकशे दहाच जाकिटे आहेत. पुरेशी येईपर्यंत पाच बोटी बंद ठेवाव्यात.” मसुदा आधी भावाला दाखवायचा आणि मगच संचालकांपुढे ठेवायचा, अशी आमची पद्धत होती. तिला आम्ही सौजन्य म्हणायचो. भावाने वाचला आणि दार लावून घेतले.

“अगं, तेवढा सातवा मुद्दा काढ.”

“कसा काढू? खरं आहे ते.”

“खोटं कोण म्हणतंय? पण नव्या मार्गाचा परवाना महिन्यावर आलाय. हे संचालकांपुढे गेलं की बाहेर जाणारच. तू मला तोंडी सांगितलंस ना, बास झालं. दोन महिन्यांत सगळी आणून देतो. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?”

विश्वास होता. तो माझा भाऊ होता, मला सायकल त्यानेच शिकवली होती. मी त्याच्यासमोर, त्याच्याच टेबलावरचा खोडरबर घेऊन सातवा मुद्दा खोडला आणि तिथे लिहिले: “जाकिटांची संख्या समाधानकारक.”

त्यानंतर पाचव्या आठवड्यात दुपारी जोराचा वारा सुटला आणि चौथी बोट धक्क्याच्या खांबावर आपटून कलंडली. बोटीवर त्रेचाळीस उतारू होते आणि अकरा जाकिटे होती. त्या बोटीवरच्या खलाशाने ती अकरा जाकिटे मुलांना आणि म्हाताऱ्यांना वाटली. त्याची बायको त्याच बोटीत होती, बाजार करून घरी निघाली होती. तिच्यापर्यंत आला तेव्हा त्याचे हात रिकामे होते. बेचाळीस उतारू वाचले. ती वाचली नाही.

चौकशी झाली. चौकशीवाल्यांनी अंतर्गत तपासणीचा अहवाल मागवला. त्यात “समाधानकारक” होते. बाकीची जाकिटे बोट कलंडताना वाहून गेली असावीत, असा निष्कर्ष निघाला आणि कंपनी सुटली. माझ्या सहीने सुटली. मी तिथे बसले होते, मला कोणी गप्प बसवले नव्हते, आणि मी गप्प बसले.

हे मी तीस वर्षे कोणालाही सांगितलेले नाही. त्या खलाशालाही नाही. तो कामावर परत आला तेव्हा मी त्याच्याकडूनच जाकीट तपासायला शिकले: पाण्याखाली दाबून धरायचे, सोडायचे, किती वेगाने वर येते ते बघायचे. तो मन लावून शिकवायचा. “बाई, तुम्ही बघता म्हणून बरं आहे,” असे एकदा म्हणाला होता. मी त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही.

भाऊ आता नाही. त्याच्या माथी सगळे मारून मला मोकळे व्हायचे नाही. खोडरबर माझ्या हातात होता.

कलम ६. कंपनीच्या भांडवलात शंभरातले एकतीस हिस्से माझे आहेत. माझ्या पुतण्याकडे, म्हणजे थोरल्या भावाच्या एकुलत्या मुलाकडे, चाळीस आहेत. तो आता कंपनी चालवतो. माझे एकतीस मिळाले तर कंपनी पूर्णपणे त्याच्या हातात जाते, हे त्याला व मला दोघांनाही माहीत आहे.

हे हिस्से त्याला द्यावेत, पण कंपनीच्या संचालक मंडळाने पुढील गोष्टींचा ठराव कायम करून घेतल्यावरच. अंतर्गत तपासनीस मंडळाला जबाबदार राहील, मालकाला नाही. त्याची नेमणूक, बदली, रजा आणि पगार मंडळ ठरवील. कोणत्याही बोटीवर, गोदामात, कुलपाआड, न कळवता जाण्याचा त्याला अधिकार राहील. अहवाल सगळ्या संचालकांकडे एकाच वेळी जाईल, आधी कोणाच्या टेबलावर नाही. आणि प्रत्येक मुद्द्यासमोर तो कोण, कधीपर्यंत दुरुस्त करणार ते लिहिले जाईल व त्या तारखेला तपासनीस स्वतः जाऊन बघेल. “कार्यवाही सुरू आहे” हे उत्तर चालणार नाही. माझ्या एका मुद्द्यावरची कार्यवाही नऊ वर्षे सुरू होती, मी निवृत्त झाले तरी सुरूच होती.

मी गेल्यापासून सहा महिन्यांत हा ठराव झाला नाही, किंवा त्याआधी सध्याच्या तपासनीस बाईंची त्यांच्या मर्जीविरुद्ध बदली झाली, तर एकतीसच्या एकतीस हिस्से खलाशांच्या सोसायटीला जावेत.

बाईंचा उल्लेख मुद्दाम केला आहे. त्यांनी गेल्या महिन्यात तीनही नव्या बोटींवरची जाकिटे पाण्यात दाबून पाहिली. निम्मी वर आली नाहीत. आतला फोम पाणी पिऊन बसला आहे. त्यांनी तसे लिहिले. आठवड्याभरात त्यांना तिकीट खिडकीवर पाठवायची चर्चा सुरू झाली.

कलम ७. परवा सकाळी पुतण्या आला. कच्चे मृत्युपत्र टेबलावरच होते आणि मी ते लपवले नाही. त्याने पाचवे कलम दोनदा वाचले.

“बाबांनी हे केलं?”

“बाबांनी सांगितलं. केलं मी.”

“आत्या, हे बाहेर आलं तर कंपनीचं नाव मातीत जाईल. दोनशे घरं चालतात तिच्यावर. पाचवं राहू दे आपल्या दोघांत. सहावं मी तोंडी मान्य करतो, लिहायची काय गरज आहे?”

“तोंडी नको रे बाळा.”

“माझ्यावर विश्वास नाही तुझा?”

मला रडू आले, हे इथे लिहिते. तो वाईट मुलगा नाही. बापासारखाच दिसतो, बोलतोही तसाच, आणि माझा त्याच्यावर फार जीव आहे. मी त्याला सांगितले, “विश्वास आहे म्हणूनच हिस्से तुला देतेय. पण बोटीत बसणाऱ्यांना तुझा विश्वास नको असतो, जाकीट हवं असतं.” तो म्हणाला, “मग त्या बाईंना समजावून सांग, जरा सबुरीनं लिहायला.” मी दार उघडले. जाताना तो पाया पडला, पण नीट बोलला नाही. एवढाच काय तो दबाव. पाचवे आणि सहावे कलम जसेच्या तसे ठेवले आहे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकीलबाईंनी करावी. माझ्यामागे काही समारंभ करू नये, भाषणे तर मुळीच नकोत.

साक्षीदाराने मृत्युपत्र वाचलेच पाहिजे असे नाही, सही आपल्यासमोर झाली एवढे त्याने पाहायचे असते, असे वकीलबाई सांगतात. तरी दुसऱ्या साक्षीदारांना मी सही करण्यापूर्वी पाचवे आणि सहावे कलम वाचायला लावणार आहे. त्यांना अजून काही माहीत नाही. त्यानंतर ते सही करतील की उठून जातील, मला सांगता येत नाही. ते गेले तर वकीलबाईंच्या कारकुनाला बोलवावे आणि त्यांना कोणी अडवू नये. त्यांना जे लिहायचे असेल ते लिहू द्यावे. वकीलबाईंनी त्यात काही काढू किंवा घालू नये.

हे सर्व वाचून, समजून, मी स्वखुशीने सही केली आहे.

(सही) अंतर्गत तपासणी विभागाच्या निवृत्त प्रमुख

ठिकाण: राहत्या घरी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३, सकाळी साडेदहा

साक्षीदार क्र. १
(सही) घरचे डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. सही माझ्यासमोर केली.

साक्षीदार क्र. २
(सही) निवृत्त खलाशी, बोट क्र. ४. बाईंनी सही माझ्यासमोर केली, हे खरे आहे. पाचवे आणि सहावे कलम वाचले. माफी दिलेली नाही, देणार नाही. तपासनीस बाईंना खिडकीवर बसवले तर हे सर्व सांगायला मी कोर्टात येईन.