शोकसभेचा रकाना

१ मार्च, सोमवार

नोकरी लागली एकदाची. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात संकेतस्थळावरचं ‘बातम्या आणि कार्यक्रम’ हे पान आजपासून माझ्याकडे. पंधरा वर्षं वर्तमानपत्रात दुसऱ्यांची वाक्यं सरळ केली, ते वर्तमानपत्र बंद पडलं, आणि ताईला धास्ती होती की आता ही घरी बसून माझं डोकं खाणार. निघताना तिनं बजावलं, निदान पहिल्या दिवशी कुणाशी वाद घालू नकोस. पाचपर्यंत पाळलं.

लांबलचक खोली, सहा टेबलं, भिंतीवर जगाचा नकाशा आणि पाच देशांच्या वेळा दाखवणारी पाच घड्याळं. त्यातलं एक बंद आहे आणि ते कुठल्या देशाचं, हे कुणालाच सांगता येईना. माझं टेबल खिडकीशी, ऊन थेट पाठीवर. शेजारी व्हिसाचं काम बघणाऱ्या बाई. वीस वर्षं इथेच आहेत आणि कागदाकडे न बघता शिक्का मारतात. विभागप्रमुखांच्या शर्टाला सुरकुती म्हणून नाही, तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना इस्त्री हे नाव ठेवून टाकलं. बोलतात मात्र फार मऊ.

३ मार्च

इथली एक पद्धत कळली. बातमी कार्यक्रमाच्या आधीच लिहायची, तीही होऊन गेल्यासारखी, आणि त्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला पानावर चढवायची. इस्त्रींचं म्हणणं असं की परदेशातल्या विद्यापीठांना ताजी बातमी लागते, आणि कार्यक्रम काय, सगळे सारखेच. वर्तमानपत्रात आम्हीही उद्घाटनं आदल्या दिवशीच उरकायचो, त्यामुळे मी कुठल्या तोंडानं नाक मुरडणार? फक्त ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला’ हे वाक्य मी जन्मात लिहिणार नाही. उद्या एका परदेशी विद्यापीठाशी करार आहे. त्या बातमीत मी गंमत म्हणून घातलं की पाहुण्या कुलगुरूंचं पेन ऐन वेळी रुसलं आणि त्यांनी व्हिसावाल्या बाईंचं पेन मागून सही केली. पानावर चढवण्याआधी काढून टाकेन.

दुपारी एक संशोधक विद्यार्थिनी आली. दूरदेशची, पोरगी एवढी उंच की सगळे तिला शिडी म्हणतात आणि तीही तेच नाव सांगते. आपली भाषा शिकते आहे. आल्या आल्या मला मावशी म्हणाली. तिला वाक्प्रचार गोळा करायचा नाद आहे. मी ‘डोकं खाणं’ शिकवलं, तर जाऊन ग्रंथपालांना सांगून आली की मी तुमचं डोकं खाऊन मग जेवायला जाईन. ग्रंथपाल अजून सावरलेले नाहीत.

४ मार्च

ती ओळ काढायची राहून गेली. दहाला बातमी चढली आणि अकराला पाहुण्यांचं पेन चाललं नाही. व्हिसावाल्या बाईंनी आपलं पेन पुढे केलं. त्यांनी ते आधीच हातात धरून ठेवलं होतं.

योगायोग म्हणून सोडून दिलं.

९ मार्च

सोडून द्यायचा माझा स्वभाव नाही. आजच्या व्याख्यानाच्या बातमीत मुद्दाम लिहिलं की तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ मध्येच उठून बाहेर गेले आणि एकच बूट घालून परत आले. बातमी चढवली आणि सभागृहात मागे उभी राहिले. साडेअकराला एक गृहस्थ उठले. परत आले तेव्हा त्यांच्या एका पायात मोजा होता. ते आपल्या पायाकडे बघत होते आणि त्यांना रडू येत होतं. मला भयंकर लाज वाटली.

११ मार्च

इस्त्रींनी महिन्याची यादी दिली. बारा ओळी. शेवटची: १९ मार्च, सकाळी अकरा, शोकसभा. नावाचा रकाना कोरा. कोण गेलं म्हणून विचारलं. ते म्हणाले, अजून कुणी नाही, ते तुम्ही लिहायचं. मऊ आवाजात. मग म्हणाले, तुम्हाला आता पानाची रीत कळलीच आहे.

१२ मार्च

व्हिसावाल्या बाईंनी जिन्यात गाठलं. दरवर्षी एक शोकसभा. लिहिणारा नाव लिहितो, त्या सकाळी दहाला ते चढतं आणि सभा भरते. त्याच्या बदल्यात विभागाचं सगळं सुरळीत चालतं, करार होतात, कुणाचा व्हिसा अडत नाही. माझ्या खुर्चीवर आधी बसणाऱ्या बाईंनी नऊ वर्षं नावं लिहिली. दहाव्या वर्षी त्यांच्यानं होईना, त्यांनी रकाना कोरा ठेवला. दहाला त्यात त्यांचंच नाव उमटलं. कोरा रकाना पान स्वतः भरतं, लिहिणाऱ्याच्या नावानं.

मी विचारलं, तुम्ही सगळे गप्प कसे बसलात. बाई म्हणाल्या की आम्हाला मुलंबाळं आहेत. एवढंच म्हणाल्या.

१५ मार्च

इस्त्रींनी बोलावून मला मदत केली. त्यांच्या भाषेत मदत. म्हणाले, पहिल्यांदा जड जातं, तर शिडीचं नाव घाला. इथे तिचं कुणी नाही, आई सातासमुद्रापार, फारशी विचारपूस होणार नाही. मी म्हटलं, ती मला मावशी म्हणते. ते म्हणाले, ती सगळ्यांनाच म्हणते.

ती सगळ्यांना म्हणत असेल. ओ मात्र मी देते.

ताईला फोन केला. ती म्हणाली, राजीनामा तोंडावर फेक आणि घरी ये, भाकड गोष्टी नंतर सांग. जाता येईल. मग या खुर्चीत दुसरं कुणी बसेल आणि शुक्रवारी शिडीचं नाव लिहील. नाही. मी जाणार नाही.

१६ मार्च

पान जे चढेल ते खरं करतं ना? मग माझंही करेल. दहाला दोन मिनिटं कमी असताना यादीत नसलेली बातमी चढवली, शिडीचं पूर्ण नाव घालून. तिला घरून बोलावणं आलं, दुपारच्या विमानात जागा मिळाली, ती धडधाकट आपल्या आईपाशी पोहोचली, आणि प्रबंध तिथूनच पूर्ण करून म्हातारी होईपर्यंत जगली.

अकराला ती धावत आली, हातात आईचा निरोप. सामान भरायला मी गेले. टॅक्सीत बसताना रडत म्हणाली, मावशी, तुझं डोकं खायचं राहिलं. मी म्हटलं, पोरी, वाचलं माझं डोकं.

१७ मार्च

तिचा फोन आला. आई शेजारीच होती. दोघी एकदम बोलत होत्या.

इस्त्रींच्या शर्टाला आज सुरकुती. म्हणाले, हे पूर्वी कुणी केलं नव्हतं. पण शुक्रवार आहेच. दुसरं नाव द्या. विभागात एकशे चौदा विद्यार्थी आहेत, त्यांची यादी त्यांनी टेबलावर ठेवली. मी ती फाडून टोपलीत टाकली.

१८ मार्च

‘शोकसभा रद्द’ असं लिहिलं. पुसलं गेलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा — पान मला ओळखायला लागलंय.

इस्त्रींचं नाव लिहावं असं मनात आलं. बोटं टेबलावर होती. नाही लिहिलं. त्यांच्यासारखी व्हायला मी इथे आलेले नाही.

सभागृहात खुर्च्या लावताहेत. फ्रेममध्ये माझा फोटो. ओळखपत्रावरचा. तोही किती वाईट —

१९ मार्च. साडेनऊ

ताईला फोन केला. खूप भीती वाटते, असं सांगितलं तिला. ती निघाली आहे. दोन तास लागतील.

रकाना कोरा. मी काही लिहिणार नाही. कुणाचंच.

पावणेदहा

माझ्या नावाचं पहिलं अक्षर उमटलं. खोडलं. पुन्हा उमटलं. खोडलं. व्हिसावाल्या बाई आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि खोडायला लागल्या. आता माझा हात मोकळा — वहीत लिहिते. वहीवर पानाची सत्ता नाही.

दहाला चार कमी

खोडण्यापेक्षा उमटणं जोरात आहे. बाईंची बोटं — श्वास नीट येत नाही. छातीवर कुणी — असू दे.

बातमी मी लिहिणार. माझी मी. पानावर पुसली जाईल, म्हणून इथेच वहीत, हातानं.

‘शुक्रवारी सकाळी अकराला शोकसभेसाठी सगळे जमले. फोटोला हार घालायला विभागप्रमुख उठले, तेवढ्यात दार ढकलून त्या बाई स्वतः आत आल्या. घामाघूम होत्या. चालत पुढे गेल्या, फोटो उतरवला, माइक हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या की या विभागात दरवर्षी