प्रज्योतला माफ करण्याची तयारी

४ जानेवारी, सकाळी
कादंबरी सुरू. विषय: अपराधभाव आणि क्षमा. तीनशे पानं, गणेश चवथीपर्यंत छापून तयार. ऑफिसातून आल्यावर रोज दोन पानं म्हणजे काहीच नाही. एकच अडचण. मला स्वतःला अपराधी असं कधी वाटलेलंच नाही. रिसर्च करावा लागेल.

६ जानेवारी
खिडकीतून वारा येतो म्हणून टेबल जनेलाजवळ हलवलं. कंबर धरली. लिखाण नाही.

११ जानेवारी
रिसर्च. गौरवीला विचारलं, तुला कुणाबद्दल अपराधी वाटतं का. ती बांगडे साफ करत होती. म्हणाली, सध्या यांच्याबद्दल. बायकोला गंभीर साहित्याची गोडी नाही. नंतर म्हणाली, प्रज्योतवर का लिहीत नाही तुम्ही? मी म्हटलं, त्याचा काय संबंध. ती परत बांगड्यांकडे वळली.

१२ जानेवारी
विषय निघालाच आहे तर लिहून ठेवतो. प्रज्योत माझा शाळेपासूनचा दोस्त. वीस वर्षांपूर्वी सर्वण गावच्या जत्रेतल्या नाटकात मुख्य पार्ट मला मिळायचा होता. डायरेक्टर सगुणकाकांनी तो प्रज्योतला दिला आणि मला प्रॉम्प्टिंग. मी आनंदाने घेतलं. दुसऱ्या अंकात प्रज्योत अडला. विंगेत माझ्याकडे बघत राहिला. नेमकी तेव्हाच माझ्या पुस्तकाची पानं चिकटली. शिट्या पडल्या, पडदा पाडावा लागला. तेव्हापासून तो स्टेजवर चढला नाही, माझ्याशी बोललाही नाही. पानं चिकटतात. त्याला कोण काय करणार?

१९ जानेवारी
ब्रेनवेव्ह. नायक प्रॉम्प्टरच. निष्पाप. मित्र त्याच्यावर खोटा आळ घेतो, शेवटी नायक मोठ्या मनाने त्याला क्षमा करतो. लगेच अर्पणपत्रिका लिहिली. फार छान उतरली. तिच्यापुढे कादंबरी फिकी पडेल अशी भीती वाटते.

२ फेब्रुवारी
पहिला परिच्छेद गौरवीला वाचून दाखवला. म्हणाली, पानं बरी त्याच ओळीला चिकटली. मी सांगितलं की खरं तर उजेडही कमी होता. त्यावर म्हणाली, तेव्हा तर डास चावत होते म्हणाला होतात. डासही होते. एका माणसावर एकाच वेळी किती संकटं येतात हे हिला कळत नाही.
परिच्छेद फाडला. तिच्यामुळे नव्हे. शैली जमत नव्हती.

१६ फेब्रुवारी
डिचोलीच्या बाजारात सगुणकाका भेटले. कादंबरीचं सांगितलं. म्हणाले, लिही बाबा, पण ते उजेडाचं काढून टाक. विंगेत हॅलोजन मी स्वतः लावला होता.
वय झालं त्यांचं.

१ मार्च
निर्णय. धारगळला जाऊन प्रज्योतला प्रत्यक्ष माफ करायचं. हायवेवर त्याचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. असा अनुभव घेतल्याशिवाय शेवटचं प्रकरण लिहिता येणार नाही. (पहिलंही येत नाहीये, पण त्याची कारणं वेगळी आहेत.) काय बोलायचं ते आरशापुढे म्हणून पाहिलं. शेवटी स्वतःलाच टाळ्या वाजवल्या.

८ मार्च
सर्दी. धारगळ रद्द.

१५ मार्च
सर्दी गेली. ऊन वाढलंय. धारगळ रद्द. गौरवी म्हणाली, स्कूटरमध्ये हवा कमी आहे, तेवढ्यासाठी तरी जाऊन या.

२३ मार्च, दुपारी
जाऊन आलो.
प्रज्योत ट्रकचं चाक उतरवत होता. केस पांढरे झालेत. मला बघून एवढंच विचारलं, हवा भरायची? मी हो म्हटलं. क्षमेचा विषय कुठून काढावा कळेना. तो वाकून हवा भरत होता, माझ्याकडे न बघताच बोलायला लागला. म्हणाला, पहिली दोन वर्षं वाट बघितली तुझी. आला असतास तर दोन गाळी दिल्या असत्या आणि चहाला घेऊन गेलो असतो. मग सोडून दिलं.
मी विचारलं, म्हणजे माफ केलंस?
म्हणाला, केलं असेल. आठवत नाही आता. आई तेवढी आठवते. पहिल्यांदाच माझं नाटक बघायला आली होती, पुढच्या रांगेत कदेलीवर बसली होती. त्या शिट्यांत ती उठून आत आली आणि रंग लावलेल्या तोंडानेच मला घरी घेऊन गेली. पुढच्या श्रावणात गेली ती.
हे मला माहीत नव्हतं. म्हणजे ती गेल्याचं माहीत होतं. तेव्हा ऑडिट होतं, जाता आलं नाही.
मी म्हटलं, पानं चिकटली नव्हती. ओळ समोर होती. मी मुद्दाम गप्प बसलो.
तो म्हणाला, ठाऊक आसा रे. मी तुझ्या तोंडाकडेच बघत होतो.
तेवढ्यात ट्रकवाल्याने हाक मारली आणि तो परत चाकाकडे गेला. चहाचं काही म्हणाला नाही. मी स्कूटर सुरू करून निघालो.
अस्नोड्याच्या पुलाजवळ स्कूटर थांबवावी लागली. हेल्मेटच्या काचेला आतून वाफ धरली होती, पुढचं दिसेना.
घरी गौरवीने विचारलं, काय म्हणाला? सांगितलं, त्याला काम खूप होतं. मग विचारलं, डोळे का लाल झाले?
ऊन, म्हटलं.