एकच माणूस उरला

परळ, ६ ऑक्टोबर १९५६

चि. बकुळेस अनेक आशीर्वाद.

एवढं आईला मोठ्याने वाचून दाखव: दादा आणि मी खुशाल आहोत, मोर्च्यांत जात नाही. तिचा गुडघा कसा आहे?

पुढचं तुझ्यापुरतं ठेव.

दादरच्या एका स्टुडिओत मी हलत्या चित्रांच्या सिनेमासाठी चित्रं काढतो. पुढच्या काळात माणसं आणि यंत्रं लढतात, अशी गोष्ट आहे. एक यंत्र काढलं की तेच गिरवून शंभर यंत्रं होतात. माणसाला मात्र दर वेळी वेगळा चेहरा लागतो. त्यात वेळ जातो, म्हणून साहेब रोज माणसं कमी करायला सांगतात.

यंत्रांचा नमुना बघायला काल दादाच्या गिरणीत गेलो. तिथे आता आपोआप चालणारे माग आलेत. गेल्या दसऱ्याला त्या खात्यात वीस जणांनी मिळून मागांची पूजा केली होती. काल दादा एकटाच उभा होता. मी हाक मारली, पण त्याने मान वर केली नाही.

आज शेवटचं चित्र काढलं. त्यात एकच माणूस उरलाय, आणि नकळत त्याला दादाचा चेहरा आला. साहेबांना आवडला. म्हणाले, "सोमवारी हाही खोडून टाक."

आईला सांग, दादाचं काम हलकं झालंय.

तुझा,
विश्राम