ऑल साऊंड

मालवण, १२ नोव्हेंबर १९६४, संध्याकाळ

आज माझ्या इंग्रजीने जैतूकाकाचा खांदा घालवलाच होता. किनाऱ्यावरून रापणीची जाळी ओढून ओढून त्याचा उजवा हात वर जायचाच बंद झालाय. दवाखान्यात डॉक्टर मुंबईच्या इस्पितळाला इंग्रजीत चिठ्ठी सांगत होते, मी लिहीत होतो. तिथे म्हणे आवाजाच्या लहरींनी खांदा शेकतात. नेमकं तेव्हाच बंदरात बोट दिसली आणि माझं लक्ष तिकडे. मला प्रत्येक बोट बोलावते की काय?

काकाला अक्षर येत नाही, तरी म्हणाला, "काय लिव्हलंस ता वाचून दाखय. मराठीत."

वाचलं. खांदा आखडला आहे, सगळं ठणठणीत.

"सगळा बरा आसा, तर माका मुंबयक कित्याक धाडतंत?"

डॉक्टरांनी कागद ओढून घेतला आणि हसतच सुटले. "अरे, मी अल्ट्रासाऊंड सांगितलं, तू ऑल साऊंड लिहिलंस, म्हणजे सगळं ठणठणीत! तिथल्यांनी बघताच परत पाठवलं असतं त्याला." मग एकेक अक्षर सांगून नवी चिठ्ठी लिहून घेतली. ओरडले नाहीत.

मुंबईहून हात तसाच घेऊन काका परत आला असता, तर रापणीवर कोणी उभं केलं असतं त्याला? आणि तोच निघताना डाव्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "बरा लिव्हतंस रे तू."

आता इथे लिहून ठेवतो: काका, विचारलंस, हे फार बरं केलंस.