बाबांच्या बंदुकीचा सायलेन्सर

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

बाबा गेल्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही. रागावू नकोस.

आज बाबांची बंदूक जमा करायला पोलीस ठाण्यात गेले होते. परवाना होता, सगळं सुरळीत चाललं होतं. मग मीच आपणहून विचारलं, "पुढे लावायचा सायलेन्सर घरी आहे. तोही आणून देऊ का?"

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "ताई, परवाना बंदुकीला असतो, त्याला नाही. तो घरात ठेवणं हाच गुन्हा. बनवणारा तर थेट आत." मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "मी काही ऐकलं नाही. आवाज कमी करायचाच असेल, तर आधी स्वतःचा करा."

ते मला वाचवत होते की धमकावत होते, अजून कळत नाही.

बागेत रानडुकरं शिरली की बाबा बार काढायचे आणि आत आईला दचकून धाप लागायची, म्हणून तू तो सायलेन्सर तुझ्या लेथ मशीनवर करून दिलास. यात गुन्हा कुठे? पण गोळी सुटलेली शेजाऱ्यांना ऐकू यायलाच हवी, हेही पटतं.

आई म्हणते, "विहिरीत टाक आणि मोकळी हो." टाकला तर मी पुरावा लपवला. दिला तर "कुणी बनवला?" असं विचारतील, आणि मला खोटं बोलता येत नाही.

हे पत्रही पोस्टात टाकणार नाही. यात तुझा लेथ आला आहे.

तुझी गोंधळलेली,
धाकटी

उद्या: बनवणाऱ्याचं नाव न सांगता सायलेन्सर जमा करता येतो का, हे वकिलांना विचारणे.