अर्थ विचारायचा असतो

मिनिआपोलिस,
४ फेब्रुवारी १९५१

ती. आईस,
सोल्वेगचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लेफ्सेचा डबा, दोन्ही पोचले. पत्र अख्खं आणि लेफ्से चुरा होऊन. माझ्या खोलीतल्या मुलीने तो चुरा चमच्याने खाल्ला आणि वर विचारते की तुमच्याकडे बटाट्याची भाकरी अशीच खातात का!

ऑरिनदादाबद्दल सैन्याकडून काही आलं का? दादा बेपत्ता असल्याची ती तार नाताळाआधी आली, त्यानंतर ही माणसं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीत. कोरिया कुठे आहे ते मी नकाशात रोज बघते. बघून काय होतं कोण जाणे, पण बघते.

माझा इतिहासाचा निबंध लाल शाईने न्हाऊन परत आला. मी त्यात जागोजागी 'असं म्हणतात' लिहिलं होतं. बाईंनी प्रत्येक ठिकाणी समासात एकच लिहिलंय, कोण म्हणतं? आमच्या बाईंचा हट्टच आहे तो. दुसऱ्याकडून घेतलेली गोष्ट साइट करायची, म्हणजे कोणी सांगितलं, कुठे, कुठल्या पानावर, त्याचा दाखला द्यायचा. नाहीतर त्या नुसत्या गावगप्पा.

साइट म्हटल्यावर मला वर्गातच हसू फुटलं. जिल्ह्याच्या स्पेलिंग स्पर्धेत याच शब्दावर दादाची दांडी उडाली होती ना? परीक्षकाला हवा होता सी-आय-टी-ई, आणि आपल्या पठ्ठ्याने छाती काढून सांगितला एस-आय-जी-एच-टी, दिसण्यातला. उच्चार दोन्हींचा एकच. तू त्याला घोकवून घोकवून शिकवलं होतंस की उच्चार सारखा असला तर आधी अर्थ विचारायचा. पण विचारेल तर तो ऑरिन कसला! पुढे ट्रॅक्टर बिनदिव्याचा हायवेवर नेला तेव्हा शेरीफने त्याला साइट केलं, म्हणजे कोर्टात हजर राहायची चिठ्ठी हातात दिली. घरी येऊन म्हणाला कसा, की आई, आता हा शब्द जन्मात चुकणार नाही.

बाबांना सांग, पाठीला शेक घ्या. बर्फ उपसायला शेजारचा माणूस बोलवा म्हणावं, तरी ते ऐकणार नाहीत हे मला ठाऊक आहे.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी,
सोल्वेग


लिंडाल, नॉर्थ डकोटा,
१ मार्च

चि. सोल्वेगला,
आईचे अनेक आशीर्वाद.

पोरी, आधी खाली बस आणि मग वाच. ऑरिन दिसलाय! आपला ऑरिन कुणाला तरी दिसलाय गं!

काल वादळ होतं, गाडीरस्ता बंद. टेलिफोन वाजला तर पलीकडे ग्लॅडिस, एक्सचेंजवरची. रेडिओवर बातम्या चालल्या होत्या म्हणे, त्यात आपल्या गावाचं नाव आलं. लिंडालचा कॉर्पोरल ऑरिन टोलेफसन साइट झालाय, एवढं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि मग नुसती खरखर. तीही रडत होती, मीही. तुझे बाबा दारात उभे, हातात दुधाची बादली. मी त्यांना ओरडून सांगितलं की ऑरिन सापडला. त्यांनी बादली खाली ठेवली आणि टोपी काढली. का काढली, त्यांचं त्यांनाच ठाऊक.

आज ते पोटभर जेवले. कित्येक दिवसांनी दुसऱ्यांदा बटाटे मागून घेतले. रस्ता मोकळा झाला की रोज दुपारच्या गाडीला स्टेशनवर जाणार म्हणतात. मी म्हटलं, अहो, कोरियातून माणूस असा उठला आणि आला असं होतं का? तर म्हणतात, आला आणि कुणीच नसलं तर?

मी त्याची खोली झाडली. गादीला ऊन नाही, म्हणून चुलीपाशी शेकवली. पाळकांच्या पत्नी फोनवर म्हणाल्या की रविवारी चर्चमध्ये जाहीर करू. तू तिथल्या पेपरात बघ. मोठ्या शहरातल्या पेपरात सगळं सविस्तर असेल. कुठे दिसला, कुणाला दिसला, अंगाने कसा आहे, सगळं लिहून कळव. आणि तुझ्या बाईंना सांग, आमच्याकडे 'कोण म्हणतं'चं उत्तर आहे. ग्लॅडिस म्हणते!

घरात आनंद आहे. तो टिको.
तुझी,
आई


मिनिआपोलिस,
६ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तू एकटी असताना वाच. बाबांसमोर नको.

तुझं पत्र वाचून मी जिना उतरून धावतच वाचनालयात गेले. पेपरांची थप्पी काढली. बातमी सापडली, आई. मी ती पुन्हापुन्हा वाचली, म्हणजे चुकून तरी वेगळी निघेल. नाही निघाली.

तो शब्द सी वाला आहे. सैन्य एखाद्याच्या शौर्याचा जाहीर दाखला देतं, त्यालाही साइट करणं म्हणतात. बातमीत आहे ते असं: आपली माणसं खिंडीतून मागे हटत होती. जखमींच्या गाड्या पुढे निघेपर्यंत ऑरिन मशीनगनपाशी एकटा थांबला. सार्जंटने त्याला चल म्हणून दोनदा हाक मारली. त्याने हात हलवून पुढे जा म्हटलं. त्यानंतर तो कुणालाही दिसलेला नाही.

हे सार्जंट म्हणतो. इथला सकाळचा पेपर, सत्तावीस फेब्रुवारी, पान अकरा. बघ ना, एवढं होऊनही मी पान लिहिलं. हात आपोआप लिहून गेला.

आई, मी काय करू? तू गादी शेकवलीस, आणि हे तुला मीच सांगायचं? पेपर कापून सोबत ठेवणार होते, पण तो वाचनालयाचा, म्हणून बातमी वहीत उतरवून आणते. शनिवारच्या गाडीने मी येते आहे. बाबांना तू आधी काही सांगू नकोस, मीच सांगेन. ते स्टेशनवर गाडी बघत उभे असतील आणि उतरेन ती मी.

तुझी लेक, तुझ्या मायेतली,
सोल्वेग


लिंडाल,
२० मार्च

चि. सोल्वेगला,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलीस, बरं वाटलं. तू इथे होतीस तोवर मला एक बोलता आलं नाही, ते लिहिते.

त्या शनिवारी तू गाडीतून उतरलीस, तेव्हा बाबा तुझ्या मागचा डबा बघत राहिले, हे तू पाहिलंस. वाटेत तू त्यांना सगळं सांगितलंस. तू गेल्यावर ते बोलले. कॉफी घेताना म्हणाले की अल्मा, तू मास्तरीण, त्या शब्दाचं मला वाक्य करून दाखव. चौथीत शाळा सोडलेला माणूस, जन्मात कधी असं काही मागितलं नव्हतं. मी वाक्य केलं. ऑरिन साइट झाला, पण साइट झाला नाही. त्यांनी कॉफी संपवली. मग म्हणाले, समजलं. आणि दुपारी टोपी घालून स्टेशनवर गेले. आजही गेलेत. समजलं तरी जातात. मी अडवत नाही.

ग्लॅडिस रडत येऊन गेली, माफ कर म्हणाली. तिला कशाला माफ करायचं? तिने ऐकलं ते सांगितलं. मला तिला विचारता आलं असतं, कुठला साइट गं? उभ्या जन्मात मी दुसऱ्यांच्या पोरांना हेच शिकवलं. दोन अर्थांचा शब्द आला की थांबायचं, अर्थ विचारायचा. ग्लॅडिसने शब्द उच्चारला आणि माझ्या जिभेवर प्रश्न आलाही होता. मी तो गिळला.

स्पर्धेच्या दिवशी ऑरिन स्टेजवरून उतरला तेव्हा मी त्याच्यावर चिडले होते. त्याच्या कोटाची बटणं लावता लावता म्हटलं, गाढवा, अर्थ का नाही विचारलास? तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, मला वाटलं, मला माहीत आहे.

मलाही तसंच वाटलं गं.

गादी परत त्याच्या खाटेवर घातली आहे. पत्र पाठवत जा, लहान असलं तरी चालेल.
तुझी,
आई